सेलेनियम ग्रिड ४ डॉकरमध्ये: चांगलं आहे, पण आधी मेमरी बघा

एकाच वेबसाइटच्या चाचण्या क्रोम, फायरफॉक्स आणि एजवर रोज चालवायच्या असतील, तर सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं साधन) अधिकृत डॉकर इमेजेसना, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालणाऱ्या तयार पॅकेजेसना, आज तरी माझी पहिली पसंती. अनेक ब्राउझरवर चाचण्या वाटून चालवणारा त्याचा भाग म्हणजे ग्रिड. कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर चालवायचे ते सांगणारी फाइल) चाचण्या वाटून देणारा एक हब आणि प्रत्येक ब्राउझरसाठी तो चालवणारा एक नोड लिहिला की काम सुरू. चाचण्या ४४४४ पोर्टवर पाठवायच्या. हब आणि नोड आपसांत ४४४२ व ४४४३ वरून बोलतात.

सगळ्यात जास्त डोकेदुखी शेअर्ड मेमरीची, म्हणजे ब्राउझरच्या प्रक्रिया आपसांत वाटून वापरतात त्या मेमरीची. डॉकर कंटेनरला मुळात फक्त ६४ एमबी देतो. जड पान उघडलं की क्रोमचा टॅब मध्येच कोसळतो आणि दोष विनाकारण चाचणीच्या कोडवर येतो. प्रत्येक ब्राउझर नोडला ‘एसएचएम साइज’ २ जीबी द्या, हे प्रकरण तिथेच मिटतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चाचणीत लोकलहोस्टचा पत्ता. नोडमधल्या ब्राउझरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, म्हणून तिथे कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव लिहा. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ हा टॅगही (आवृत्तीची खूण) टाळा, नेमकी आवृत्ती लिहा. नाहीतर ब्राउझर कधी बदलला ते कळतच नाही.

मला मनापासून आवडलेली सोय ७९०० पोर्टवरची. नोडचा हा पोर्ट उघडा ठेवला की चालू चाचणी आपल्या ब्राउझरमध्ये डोळ्यांनी दिसते. बटणावर पॉपअप आडवा आलाय, हे लॉगमध्ये शोधत बसावं लागत नाही. मूळ पासवर्ड ‘सीक्रेट’ आहे, तो मात्र बदलाच.

सफारी इथे मिळणार नाही. त्यासाठी मॅकच लागतो.