जमशेटजी टाटांचं ऑडिओबुक : लोखंड लय, कापूस कमी

वेचणीच्या दिवसात कानात काहीतरी लागतेच, गाणे ऐकून कंटाळा आला होता तर पुतण्यानं ॲपवर हे जमशेटजी टाटांचं चरित्र लावून दिलं. मराठीतच आहे, वाचणाऱ्याचा आवाज चांगला आहे, पण मागं ते म्युझिक काहून वाजवत राहतात बाप्पा, कोणी वारलं की बासरी, कारखाना उभा झाला की ढोल.

सगळ्यात भारी भाग लंडनचा. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस अडकला म्हणून आपल्या कापसाले सोन्याचा भाव, टाटा बापलेकाचा धंदाही त्याच्यावरच जोरात. जमशेटजी विलायतेत गेले अन् तिकडं लढाई संपली, भाव धाडकन पडले, हातातल्या हुंड्यांची रद्दी झाली. माणूस तोंड लपवून पळाला नाही, घेणेकऱ्यांसमोर जाऊन सगळं खरं सांगितलं, तर त्यांनी यालेच महिना 20 पौंडावर आपल्याच पेढीचा हिशेब मिटवायले ठेवलं! हे ऐकताना मी पऱ्हाटीच्या तासात तसाच उभा राहिलो. भाव पडणं म्हणजे काय हे आपल्याले कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मग नागपूर येते, आणि माझी तक्रार इथंच आहे. मुंबई सोडून माणूस गिरणी काढायले इकडं आला कशासाठी, तर कापूस इथं, रेल्वे आलेली, कोळसा वरोऱ्याले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन भराव टाकत बसले तेव्हा एका मारवाडी सावकारानं पैसे दिले नाही, म्हणे हा सोनं मातीत घालते, नंतर त्यानंच कबूल केलं की यानं माती घालून सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 ले गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीले हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. मॅनेजर बसवला बेजनजी मेहता, रेल्वेच्या मालखात्यातला माणूस, गिरणीतलं त्याले काही येत नव्हतं तरी त्यानं ती चालवून दाखवली. 1886 ले कामगारांसाठी पेन्शन फंड, 1895 ले अपघाताची भरपाई, सरकारचा भरपाईचा कायदा तर 1923 ले आला. एवढा माल असून प्रकरण चहा पिऊन होईपर्यंत खतम.

आणि कास्तकार? तो कुठंच नाही. गाठी जशा काही आभाळातून गिरणीत पडत होत्या. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस आपल्या देशात पिकवून पाहा म्हणून या माणसानं पत्रक काढलं होतं, ते एका वाक्यात उडवलं. आमच्यासारख्याले तेच ऐकायचं होतं ना.

कुर्ल्याची धरमसी मिल घेऊन तिचं नाव स्वदेशी मिल केलं तो भाग ठीक आहे, थोडा नाटकी. ताज हॉटेल 1903 चं, ते पण चालते. पण पोलादाची कंपनी 1907 ची अन् बंगलोरची विज्ञान संस्था 1909 ची, जमशेटजी गेले 1904 ले, तरी सगळ्यात जास्त वेळ या दोघांवरच. स्वप्न त्यांचं होतं हे मान्य, पण जी गिरणी त्यांनी स्वतः उभी करून चालवली तिच्याकडं पाहायले वेळ नाही, हे काही पटलं नाही भाऊ.

तरी घ्या, लंडनच्या भागासाठी तरी घ्याच. स्पीड थोडी वाढवली तर म्युझिक कमी टोचते. वावरात रेंज नसेल तर घरूनच डाउनलोड करून न्या, नाहीतर धुऱ्यावर बसून ते गोल फिरणारं चक्र पाहत राहा.