टीसी खरं, माल खोटा

टीसी म्हणजे पोलादाच्या मिलने मालासोबत दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट. खोट्या टीसीची धास्ती सगळ्यांनाच असते. आमच्या हातात आलेलं टीसी मात्र अस्सल होतं. मिल खरी, हीट नंबर (भट्टीतल्या एका घाणीचा नंबर) खरा, सहीसुद्धा खरी. खोटं होतं ते टेम्पोतून उतरलेलं लोखंड.

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंप बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही ईएन 24 या निकेलवाल्या पोलादाचे शाफ्ट करून देतो. त्यातला एक लॉट त्यांच्या आवक तपासणीत अडकला. क्वालिटीच्या माणसाने पीएमआय गन, म्हणजे धातूत काय काय आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र, शाफ्टला टेकवली. निकेल 1.3 ते 1.7 टक्के हवं, स्क्रीनवर 0.1 सुद्धा धड दिसेना. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम ठीक. म्हणजे माल ईएन 19, बिननिकेलचा ग्रेड. निकेल महाग, आणि तेच त्यात नाही, म्हणून हा बार स्वस्त पडतो.

आमच्याकडे हे सापडणं अवघडच होतं. दोन्ही ग्रेडमध्ये कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ग्राइंडरवरच्या ठिणग्यांवरून फरक कळणं कठीण. हीट ट्रीटमेंटवाल्याने कडकपणा मोजला, तोही पास. देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. साधं एमएस (माइल्ड स्टील) दिलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

बार देणाऱ्या ट्रेडरला फोन केला तर आवाज एकदम शांत. ‘‘साहेब, टीसी मिलचंय. हवं तर मिलला विचारा.’’ विचारलं. त्यांनी हीट नंबर लगेच ओळखला. त्या हीटमधला 4.2 टन माल एका स्टॉकिस्टला गेला होता. आमच्या एकट्याच्या शॉपमध्ये त्याच हीटच्या नावावर 6 टनांच्या वर बार उतरले होते! अस्सल टीसीच्या झेरॉक्स काढून त्यांच्याखाली वाटेल तेवढा माल खपवला जात होता.

मग उरलेल्या बारची टोकं उजेडात नेऊन पाहिली. कापलेल्या तोंडावर तांबूस गंज, आणि पंच केलेल्या हीट नंबरच्या आकड्यांच्या खाचा आतून चकचकीत. सातचा आकडा एका बाजूला कललेला, शेवटचा आकडा दोनदा ठोकलेला. पंच मिलमध्येच मारला असता तर खाचेतही तेवढाच गंज चढला असता.

मला जास्त झोंबलं ते पुढचं. एकावर विसंबायला नको म्हणून आम्ही दोन ट्रेडर ठेवले होते. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. तोच हीट नंबर दोघांच्याही मालावर निघाला. जुनी ई-वे बिलं, म्हणजे माल वाहतुकीचे जीएसटीचे कागद, काढली. ‘बिल फ्रॉम’मध्ये दोन वेगळ्या फर्म, दोन वेगळे पत्ते. ‘डिस्पॅच फ्रॉम’मध्ये मात्र कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं एकच गोदाम. नळ दोन, टाकी एकच. ही ओळ प्रत्येक बिलावर छापलेली असते, पण ऑडिटवाले मंजूर सप्लायरची यादी बघतात, त्या सप्लायरचा माल कुठून येतो ते कोणी विचारत नाही.

हे छोट्यांच्याच बाबतीत होतं असंही नाही. खोट्या कागदपत्रांवर आलेलं टायटॅनियम बोइंग आणि एअरबसच्या काही विमानांत गेल्याचं 2024 मध्ये उघड झालं. तिथेही माल बऱ्याच हातांतून फिरला होता.

ग्राहकाने डेबिट नोट पाठवली, म्हणजे नुकसान आमच्या नावे टाकलं. लोखंडाची किंमत हा आमच्या नुकसानीतला लहानच भाग. टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंगची मजुरी पाण्यात गेली, वर त्यांची लाइन थांबल्याचे पैसे.

आता बार उतरला की कटिंगच्या आधी प्रत्येक हीटचा तुकडा एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये स्पेक्ट्रोला, म्हणजे कार्बनसकट सगळे घटक मोजणाऱ्या तपासणीला, जातो. काहीशे रुपयांचं काम आहे. तुकडा आपल्या माणसाने, आपल्यासमोर, उतरलेल्या बारमधूनच कापायचा. ट्रेडरने खिशातून काढून दिलेलं ‘सॅम्पल’ घ्यायचं नाही. पीएमआय गन भाड्याने मिळते, पण एक्स-रेवाली गन कार्बन दाखवत नाही, त्यामुळे स्पेक्ट्रो काही टाळता येत नाही. टीसीवरचं वजन आम्ही रजिस्टरला चढवतो आणि त्या हीटची आवक त्याच्या पुढे गेली की मिलला फोन लावतो. पेमेंट लॅबचा रिपोर्ट आल्यावरच. काही ट्रेडर यावर नाक मुरडतात. मुरडू देत.

दोघांपैकी एक ट्रेडर स्वतःच फसला असावा. त्याने माल मुकाट्याने परत उचलला. दुसऱ्याने जाता जाता जीएसटीतही हात मारला. शेवटच्या महिन्याचा जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) भरला, त्यामुळे बिल आमच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत, दिसलं आणि आम्ही त्यावरच्या कराचं क्रेडिट घेतलं. कर ज्यातून भरायचा तो 3बी त्याने भरलाच नाही. नियम 37ए प्रमाणे सप्लायरने ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 सप्टेंबरपर्यंत 3बी भरला नाही, तर आपल्याला त्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट उलटवावं लागतं. म्हणजे 18 टक्के पुन्हा आमच्याच खिशातून. म्हणून बिल 2बी मध्ये दिसलं तरी पोर्टलवर त्या सप्लायरचा 3बी भरलाय का, हेही बघा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या दुसऱ्या ट्रेडरची जीएसटी नोंदणी पोर्टलवर रद्द दिसते. मध्यंतरी एका नव्या फर्मकडून ईएन 24 चा भाव आला, बाजारापेक्षा बराच कमी. मेसेज ज्या नंबरवरून आला तो आमच्या फोनमध्ये जुन्या फर्मच्याच नावाने सेव्ह होता. नव्या फर्मचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी अगदी ताजी. भोसरी-चाकणमध्ये हाच भाव आणखी कोणाकोणाला गेला असेल, म्हणून हे लिहिलं.