सोसायटीच्या पूलसाठी काय घ्यावं: टीसीसीएच्या (म्हणजे क्लोरीनच्या) गोळ्या, की लिक्विड क्लोरीन आणि स्टॅबिलायझर वेगळं?

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत पोडियमवर उघडा पूल आहे, साधारण एक लाख लिटरचा, आणि दरवर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ आली की हाच वाद निघतो. तुमच्याकडेही चालू असेल तर हे वाचा.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. नुसतं क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्मं उडून जातं, हे त्याला धरून ठेवतं, त्यामुळे उघड्या पूलला ते हवंच. प्रश्न एवढाच की ते किती आणि कुठल्या वाटेने पाण्यात येतंय.

गोळ्यांचं सुख मोठं आहे. फ्लोटरमध्ये टाकल्या की हळूहळू विरघळतात, पूलवाला एखाद दिवस नाही आला तरी भागतं. पण टीसीसीएच्या गोळीत स्टॅबिलायझर आतच असतं, क्लोरीन खर्च होतं आणि ते मागे राहतं. रोज 2 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 2 भाग) क्लोरीन धरलं तर महिन्याला 36 पीपीएम स्टॅबिलायझर साठतं, आणि आपल्याला हवं असतं 30 ते 50! म्हणजे तीन महिन्यांत शंभरी पार. पाण्याची वाफ होते, याची होत नाही, त्यामुळे टँकर मागवून वरून भर घातली तरी ते कमी होत नाही.

मागच्या मे महिन्यात आमचं तेच झालं. किटवर क्लोरीन 3 दाखवत होतं आणि तरी पाणी हिरवट, पायऱ्या बुळबुळीत. शेवटी स्टॅबिलायझरची टेस्ट केली, त्यात पाणी औषधामुळे दुधासारखं गढूळ होतं आणि नळीत ओतत जायचं तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत, तर आमचा ठिपका पाणी खालच्या 100 च्या रेघेपर्यंत पोचायच्या आधीच गायब, म्हणजे स्टॅबिलायझर शंभराच्याही वर. क्लोरीन साधारण स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी लागतं, म्हणजे 40 ला 3 पुरतं पण 100 ला साडेसात हवं. उपाय एकच, अर्धा पूल रिकामा करणं. ऐन मे मध्ये एवढं पाणी गटारात सोडताना खरंच जिवावर आलं.

लिक्विडला रोजची मेहनत आहे. स्टॅबिलायझर एकदाच, लाख लिटरला 3 किलो म्हणजे 30 पीपीएम, जुन्या मोज्यात भरून पाणी आत येतं तिथे लटकवायचं, विरघळायला काही दिवस लागतात. मग रोज संध्याकाळी 10 टक्केवालं लिक्विड दोनेक लिटर. कॅन सावलीतच ठेवा, उन्हात त्याची ताकद जाते. पीएच चढतो म्हणून अधूनमधून अ‍ॅसिड लागतं, पण अ‍ॅसिड आणि लिक्विड कधीच एकत्र ओतू नका, विषारी गॅस होतो.

माझं मत लिक्विडलाच. गोळ्या फक्त पूलवाला गणपतीला गावी जातो त्या आठवड्यापुरत्या, तेव्हा पावसाने पूल ओसंडून स्टॅबिलायझर तसंही थोडं उतरलेलं असतं. पूल इनडोअर असेल तर स्टॅबिलायझर अजिबात नको, ऊनच नाही तर ते कशाला?

आणि काहीही घ्या, गोळ्या आणि दाणेदार कॅल्शियम हायपो (हेही क्लोरीनच, पण वेगळ्या प्रकारचं) एकाच डब्यात किंवा एकाच स्कूपने हाताळू देऊ नका, आग लागते. आम्ही आता कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घेतलंय, महिन्यातून एकदा स्टॅबिलायझरचं रीडिंग रजिस्टरमध्ये.