जुन्या ट्रॅक्टरचा मागचा एक्सल : सील बदलावे, क्राऊन-पिनियन नवा घालावा की मोडीतले हाउसिंग आणावे?

कोकणात जुने मॅसी फर्ग्युसन ३५ आणि इंटरनॅशनल बी-२७५ अजूनही चालतात ते मुख्यतः दोन कामांवर : पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला आणि उरलेल्या आठ महिन्यांत जांभ्याच्या खाणीवरून चिरे ओढणाऱ्या ट्रॉलीला. पहिल्या कामात मागच्या एक्सलमध्ये पाणी शिरते, तर दुसऱ्यात क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीचे, दात झिजतात. मागून आवाज येऊ लागला की मालकापुढे तीन वाटा असतात. ऑइल आणि ते गळू न देणारे सील बदलून हंगाम काढता येतो, एक्सल उघडून नवा क्राऊन-पिनियन घालता येतो, किंवा मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे मागचे हाउसिंगच, म्हणजे गिअरसकट मागची पेटी, आणून जोडता येते. यांतली कोणती वाट धरायची हे पैशाच्या आधी त्या आवाजावरून ठरते, आणि तो ओळखण्याचे निम्मे काम घरच्या अंगणात होते.

प्रथम ट्रॅक्टर उभा असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि क्लचवरचा पाय काढून ऐकावे. आवाज तेव्हाही येत असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सकडे आहे आणि मागचे हाउसिंग उघडण्यात अर्थ नाही. सरळ रस्त्यावर शांत असलेला ट्रॅक्टर वळताना कटकट करू लागला, तर डिफरेंशियलमधले (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागातले) स्टार गिअर, त्यांचा क्रॉस (ते ज्यावर बसतात तो आस) किंवा त्यांच्यामागचे वॉशर झिजले आहेत असे धरावे, कारण सरळ जाताना हे गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत. ओढ असताना ‘सूंऽऽ’ करणारा आणि रेस कमी करताच बदलणारा आवाज क्राऊन-पिनियनचा असतो. वळण आणि ओढ यांपैकी कशाशीच संबंध नसलेली एकसारखी घरघर बहुधा बेअरिंगची असते. ठराविक अंतराने ठोका पडत असेल तर मागच्या चाकावर खडूने खूण करून एका फेऱ्यात तो कितीदा पडतो ते मोजावे. ३५मध्ये क्राऊनच्या पुढे आणखी रिडक्शन (गती कमी करणारे गिअर) नसल्यामुळे क्राऊन आणि चाक सरळ जाताना एकाच गतीने फिरतात, म्हणून फेऱ्याला एक ठोका म्हणजे क्राऊनचा तुटका दात असण्याचा संभव अधिक. बी-२७५मध्ये डिफरेंशियल आणि चाक यांच्यामध्ये गती कमी करणारा मोठा बुल गिअर आहे, त्यामुळे तिथे फेऱ्याला एकच ठोका पडला तर संशय बुल गिअरचा घ्यावा. उतारावर न्यूट्रल करून आवाज ऐकण्याची सवय काही चालकांना असते. आपल्याकडच्या घाट्यांवर ती जिवावर बेतणारी आहे.

त्यानंतर पुढच्या चाकांना दगड लावून एक मागचे चाक उचलावे आणि खाली ओंडक्यांचा भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही वाकू नये. चाक वर-खाली धरून हलवले असता डगडगले, किंवा आत-बाहेर सरकले, तर एक्सलचे बेअरिंग गेले आहे किंवा त्याचे शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जुळलेले नाहीत. मग दुसरे चाकही तसेच उचलून, इंजिन बंद आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. ते फिरायला लागण्याआधी पहिले चाक बराच वेळ मोकळे हलत असेल, तर तो ढिलेपणा स्टार गिअरचा असतो.

शेवटची परीक्षा ऑइलची. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन प्लग हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि आधी तेच ठिबकते. माझ्या ३५च्या प्लगखाली पितळी वाटी धरली तेव्हा पहिल्यांदा तांबूस पाणी आले आणि त्यामागून ताकासारखे पांढुरके ऑइल. हे ऑइल लोहचुंबक फिरवून पाहावे. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप चिकटला तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कीस किंवा दाताची कपची मिळाली तर पुढचा विचार करायला हवा. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण वॉशरकडे बोट दाखवतात.

आता पहिली वाट. पाणी आहे, पण कीस नाही, आवाज नाही आणि चाक डगडगत नाही, अशा वेळी सील, ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारी तोटी) आणि ऑइल एवढेच बदलणे योग्य. खर्च सर्वांत कमी आणि काम दोन दिवसांत उरकते. ३५मध्ये ब्रेकचे ड्रम एक्सलच्या टोकालाच असल्यामुळे गळका सील ब्रेक शूवर तेल ओततो. एका बाजूचा ब्रेक लागत नसेल तर ब्रेक घट्ट करण्याआधी सील पाहावे. मात्र शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवे सीलही महिनाभरात गळते. अशा वेळी सील थोडे आत-बाहेर बसवावे किंवा शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवावी. आणखी एक गोष्ट ३५च्या मालकाने विसरू नये : त्याच्या हायड्रॉलिकचा पंप याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, त्यामुळे एक्सलमध्ये शिरलेले पाणी अवजारे उचलणारी लिफ्टही बिघडवते, आणि आवाज दबावा म्हणून ओतलेले जाड ऑइल लिफ्टला मंद करते.

दुसरी वाट महाग आणि वेळखाऊ आहे, पण दात गेले असतील तर तीच खरी दुरुस्ती. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बनवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलायचे असतात. हे मला चटका बसून कळले. एका गॅरेजमध्ये ‘क्राऊनचे दात अजून छान आहेत’ असे सांगून फक्त पिनियन नवा घातला गेला. मी मान डोलावली, आणि गणपतीला सुरू झालेली ‘सूंऽऽ’ची शिट्टी दिवाळीपर्यंत दात तुटूनच थांबली. काम देताना पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून शिम लावणार का, आणि दातांना मार्किंग ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून खूण दाताच्या मध्यावर पडते की काठावर हे तपासणार का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरादाखल कारागीर हसला तर ट्रॅक्टर दुसरीकडे न्यावा. भाग गावात मिळाले नाहीत तर ते बहुधा कोल्हापूरहून मागवावे लागतात, म्हणून ट्रॅक्टर उघडण्याआधी जोडी हातात असलेली बरी.

तिसऱ्या वाटेची मोहिनी मोठी आहे, कारण नव्या जोडीपेक्षा ती बहुधा स्वस्त पडते आणि काम ‘खोला आणि जोडा’ इतके सोपे वाटते. हाउसिंग आतली जोडणी न सोडवता जसेच्या तसे आणले तर कारखान्यातली शिमची जुळणी शाबूत राहते, हा तिचा खरा फायदा. सुटा क्राऊन एकीकडून आणि पिनियन दुसरीकडून घेतला तर तो फायदा संपतो. आणण्याआधी दोन्हींचे दात मोजून आपल्या जोडीशी ताडून पाहावेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, आणि अशा पुरात उभी राहिलेली वाहने पुढे आतून गंजलेल्या भागांसह मोडीच्या बाजारात येणे ओघानेच आले. खाडीकाठच्या खाजणात राबलेल्या ट्रॅक्टरचीही तीच गत. वरचे झाकण काढून, टॉर्चच्या उजेडात क्राऊन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून, प्रत्येक दात आणि बेअरिंगच्या रोलरवरचे गंजाचे टिपके पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझा कौल कामावर अवलंबून आहे. ज्याचा ट्रॅक्टर फक्त जून-जुलैत चिखलणी करतो आणि एरवी पडवीत उभा असतो, त्याने दात शाबूत असतील तर पहिलीच वाट धरावी आणि लावणी उरकताच ऑइल पुन्हा बदलावे. जो चिऱ्यांची ट्रॉली चढावर ओढतो, त्याला शिट्टी ऐकू आल्यावर सील-ऑइलने काहीही मिळणार नाही; त्याने नव्या जोडीचा खर्च करावा, आणि तो झेपत नसेल तरच आतली जोडणी न सोडवलेले हाउसिंग शोधावे. हे काम पावसाळ्याआधी, एप्रिलमध्येच काढावे, म्हणजे लावणीच्या तोंडावर अडून राहण्याची वेळ येणार नाही.