ट्रॅकसाठी हेल्मेट घेतलं: एसए२०२०, साइजचा घोळ आणि जळगावचा मे महिना

मागच्या वर्षी मित्राच्या पोलो कारमध्ये पहिल्यांदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी चालवली. हेल्मेट तिथलंच मागून घेतलेलं, आतून कोणाच्यातरी घामाने ओलं आणि एवढं ढिलं की ब्रेक मारला की कपाळावरून सरळ डोळ्यांवर. परत येताना नवजीवन एक्स्प्रेसमध्येच ठरवलं की पुढच्या वेळी स्वतःचं घेऊनच जायचं.

आता जळगावात हेल्मेट म्हटलं की बाइकचं. दोन-तीन दुकानं फिरलो, सगळीकडे पोरं एकच सांगतात, "भाऊ हे घ्या, आयएसआय पण आहे, डॉट पण आहे, डबल सेफ्टी." त्यांची चूक नाही म्हणा, आयएसआय म्हणजे आयएस ४१५१, ते दुचाकीसाठीच आहे आणि भुसावळ रोडला बाइकवर जायचं तर तेच पाहिजे, कायद्याने पण तेच लागतं. डॉटचं मात्र असं आहे की ते अमेरिकेचं स्टँडर्ड, आणि कंपनी स्वतःच टेस्ट करून स्वतःच स्टिकर लावते, त्यामुळे स्वस्त हेल्मेटवर मागे डॉट दिसलं तर मी तरी भाव देत नाही.

गाडीच्या ट्रॅकला बघायचं ते स्नेलचं एसए, म्हणजे हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल फाउंडेशनचं कार रेसिंगचं स्टँडर्ड, पुढचा आकडा त्याच्या आवृत्तीचा. स्नेल फाउंडेशन १९५७ ला निघाली, पीट स्नेल नावाचा आपल्यासारखाच हौशी रेसर १९५६ मध्ये डोक्याला मार लागून गेला, हेल्मेट होतं पण कामाला आलं नाही, म्हणून त्याच्या ओळखीच्या लोकांनी काढली. त्यांचंच एम पण असतं, ते मोटरसायकलचं, आणि इथेच लोक फसतात, कारण स्नेल लिहिलंय ना मग झालं असं वाटतं. एसएमध्ये आगीची टेस्ट असते, एममध्ये नसते. आणि गाडीत रोल केज, म्हणजे आतून बसवलेला लोखंडी पाइपांचा सांगाडा, असेल तर डोकं पाइपवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटू शकतं, त्याची वेगळी टेस्ट एसएलाच आहे. उलट एसएच्या हेल्मेटला समोरची खिडकी छोटी चालते, बाजूचं कमी दिसतं, म्हणून ते रस्त्यावर बाइकला वापरायचं नाही. हे माझ्या चुलतभावाला तीनदा सांगितलं तरी तो "एक राउंड मेहरूण तलावापर्यंत मारून येतो" म्हणतोच आहे.

तर मी एक एसए२०२० वालं ऑनलाइन मागवलं, फायबरचं, फुल फेस, ३४,५०० ला. एसए२०२५ पण आलंय, पण २०२० वर सूट होती आणि आमच्या ट्रॅकच्या इव्हेंटच्या ऑर्गनायझरला फोन करून विचारलं तर चालतं म्हणाला. तुम्ही पण आधी विचारा, प्रत्येकाचा नियम वेगळा. आई बघून म्हणे, "चौतीस हजारनं टोपलं! कशाले रे भो?" काय सांगणार.

आता खरा घोळ. शिंप्याची टेप घेऊन भुवयांच्या बोटभर वरून मागच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंत गोल मोजलं, ५८.५ सेंटीमीटर आलं, त्यांच्या साइजच्या चार्टमध्ये एम (मीडियम) आणि एल (लार्ज) यांच्या बरोबर मधे. दुकानाला मेसेज केला तर उत्तर, "सर लार्ज घ्या कम्फर्टेबल राहील." घेतलं. कम्फर्टेबल खूपच होतं, डोकं स्थिर ठेवून हेल्मेट हाताने फिरवलं तर गाल जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरतं. नियम साधा आहे, हेल्मेट फिरवलं की गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे, पट्टा बांधून मागून वर ढकललं तर पुढे निघून यायला नको. नवीन असताना गाल दाबून तोंड माशासारखं झालं तरी चालेल, पॅड नंतर थोडे बसतात, पण कपाळाला एकाच जागी टोचत असेल तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही.

बदलून घ्यायला अकरा दिवस गेले, पाठवायचा खर्च माझा, फोन केला की "पिकअप उद्या होईल." सल्ला यांचाच आणि भुर्दंड आपल्याला, यावर मी जाम तापलेलो. तेव्हा मे महिना, बाहेर ४४ डिग्री, आणि एम साइजचं आलं तेव्हा कूलरसमोर अर्धा तास घालून बसलो होतो, बायको म्हणे शेजारी बघतायत निदान पडदा तरी लाव. अर्ध्या तासाने काढलं, कपाळावर लाल वण नाही, मग टॅग कापला. आत अस्तराखाली स्नेलचा स्टिकर असतो नंबरासकट, तो पण तेव्हाच बघून घ्या, आणि मॉडेल त्यांच्या साइटवरच्या यादीत आहे का तेही.

ट्रॅकवर वापरलं दोन दिवस. हलत नाही, एवढंच मला पाहिजे होतं. चष्मा मात्र आधी काढून, हेल्मेट घालून मग काड्या सरकवाव्या लागतात, त्यात पिटमध्ये माझ्यामुळे लाइन अडली. चेन्नईच्या दमट हवेत काच धुरकट होते, थांबल्यावर थोडी उघडी ठेवा. वजन दीड किलोच्या आसपास, दुसऱ्या दिवशी मानेला कळलं. हान्स, म्हणजे धडकेत मान वाचवणारं खांद्यावरचं उपकरण, त्याचे अँकर लावायची भोकं आहेत, पण गाडीला साधा कंपनीचाच बेल्ट असल्यामुळे हान्सचा उपयोग नाही, त्याला हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा बेल्ट, लागतो. आतला बालाक्लाव्हा, म्हणजे डोक्यावर घालायची पातळ कापडी टोपी, वेगळा घ्या, नाहीतर पॅडला वास लागतो.

पाचपैकी हेल्मेटला साडेचार, दुकानाला अडीच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर लोक माझ्या डोक्याच्या मापाने ऑर्डर करतील. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचं कोणी घेणार असेल तर आधी माझं एम घालून अंदाज घ्या, फक्त डोक्याला तेल लावून येऊ नका.