एसबार की आय-पास? वॉर्डसाठी निवडताना

पेशंटची माहिती फोनवर किंवा ड्यूटी बदलताना (म्हणजे ‘ओव्हर’ देताना) पुढच्याला ठरावीक क्रमाने सांगायच्या या दोन पद्धती. सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून दोन्ही मी वापरल्या आहेत. तुमच्याकडे हा विषय निघाला असेल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

एसबार शिकवायला सोपी. मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, कैसर पर्मनेंटे या अमेरिकन आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती हॉस्पिटलात आणली. चार पायऱ्या: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. नवी मुलगीही दोन दिवसांत बोलू लागते. त्या शेवटच्या पायरीमुळेच तर सिस्टरला ‘सर, तुम्ही येऊन बघा’ म्हणायचा धीर येतो.

अडतं ते ऐकणाऱ्यापाशी. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, रात्रीचे अडीच. सिस्टरने फोनवर सगळं क्रमाने सांगितलं. ‘सहा तासांत युरिन ऐंशी एमएल’. डॉक्टरांनी ऐकलं, ‘तासाला ऐंशी’. ‘ठीक आहे, सलाईन आहे तशीच चालू ठेवा,’ आणि फोन बंद. सकाळच्या राऊंडला त्यांनीच विचारलं, ‘मला कळवलं का नाही?’ केस पेपरवर फोनची वेळ आणि आकडा, दोन्ही लिहिलेलं होतं. किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं होतं. पेशंट सावरला, ती मुलगी मात्र पुढे महिनाभर रात्री फोन उचलायला बिचकायची.

आय-पासची शेवटची पायरी ऐकणाऱ्याची आहे. समजलं ते त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. ‘म्हणजे सहा तासांत फक्त ऐंशी?’ एवढं त्या रात्री पुरलं असतं. एसबारलाही हे जोडता येतं, आम्ही जोडलंही होतं. पण वरून जोडलेलं घाईत सगळ्यात आधी गळतं.

आय-पासला वेळ जास्त लागतो, हे खरं. 2014 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात नऊ हॉस्पिटलांत चुका 23 टक्क्यांनी घटल्या, पण तो निवासी डॉक्टरांच्या आपसातल्या ओव्हरचा होता, सिस्टरांच्या फोनचा नव्हे. तरी आय-पासमध्ये ‘असं झालं तर असं करा’ हे आधीच ठरवून घेतल्याने आमच्याकडे रात्रीचे दुसरे फोन कमी झाले, असं मला वाटतं.

ऑक्सिजन सॅच्युरेशन पडत असताना मी आजही एसबारच सांगते. बाकी ओव्हर आणि फोन आय-पासने. शिकवायला मात्र आधी आरएमओंना, म्हणजे फोन घेणाऱ्या ड्यूटी डॉक्टरांना बसवा, सिस्टरांना नंतर.