तपकीर गल्लीतलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान: आधी मोजतात, मग बोलतात

माझा डब्यांचा धंदा सगळा फोनवर चालतो. उद्या कोणाला किती पोळ्या, कोणाचा उपास, कोणाचे पैसे यायचेत, सगळं व्हॉट्सॲपवर. तो फोन रात्री चार्जिंगला लावला आणि सकाळी ठार बंद.

घरी करण्यासारखं होतं ते मुलीने केलं. दुसरी केबल, दुसरा चार्जर, दुसरं सॉकेट. बॅटरी तळाला गेली असेल तर स्क्रीनवर चार्जिंगची खूण यायलाच कधीकधी अर्धा तास लागतो, म्हणून तसाच लावून ठेवला. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये अडकलेला फोन त्याने सुरू होतो. आमचा झाला नाही. मग एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तिथल्या माणसाने फोन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला. बदलावा लागेल, आतलं काही राहणार नाही." खर्च फोनच्या निम्म्या किमतीएवढा. फोन उघडला नाही, कशाला जोडला नाही, मदरबोर्ड म्हणजे फोनच्या आतला मुख्य बोर्ड गेला हे याला कळलं कसं?

शेजारच्या काकांनी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतलं हे दुकान सांगितलं. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे मायक्रोस्कोप आणि दिव्याखाली मान घातलेला कारागीर. मी मदरबोर्डचं सांगायला लागले, तर तो म्हणाला, "ताई, आधी बघू तर द्या."

चार्जर आणि फोन यांच्या मध्ये त्याने एक छोटा मीटर लावला. व्होल्ट पाचच्या आसपास, अँपिअर शून्य. "चार्जर वीज देतोय, फोन घेत नाहीये." मग केबलचं टोक बोटाने दाबून दाखवलं. ते पोर्टमध्ये पूर्ण बसतच नव्हतं, किंचित बाहेर राहत होतं. प्लास्टिकच्या बारीक काडीने त्याने आत कोरायला घेतलं (लोखंडी पिन घालायची नाही, पोर्टमधल्या पिना मोडतात) आणि आतून निघाला दाबून घट्ट झालेला करडा-पांढरा बोळा. ॲप्रनच्या खिशातली लव आणि कणीक! पुन्हा मीटर लावला तर आकडा हलला, पण केबल जरा वाकडी केली की परत शून्य. मायक्रोस्कोपखाली मला बघायला लावलं. दोन-तीन पिनांवर हिरवट थर होता. वाफेचं काम, मिठाचे हात, त्याने पिना गंजतात म्हणाला.

माझ्या फोनमध्ये चार्जिंगचा पोर्ट मदरबोर्डवर नाही, खाली वेगळ्या छोट्या सबबोर्डवर आहे. तेवढाच बदलायचा. त्याआधी बॅटरीही मल्टीमीटरने तपासली. तीन व्होल्टच्या थोडी वर होती, फुगलेली नव्हती, म्हणून बदलायला नको म्हणाला. नवीन बॅटरी सहज माझ्या गळ्यात मारता आली असती. सबबोर्डचे दोन भाव सांगितले. स्वस्त कॉपी घेतली तर फास्ट चार्जिंग चालेलच असं नाही, हेही आधीच सांगितलं. मी महागातला घेतला, मजुरीसकट साडेनऊशे. बसवल्यावर मीटरवर दीड अँपिअरच्या जवळ आकडा आला, थोड्या वेळाने कंपनीचं नाव उमटलं आणि धडाधड ऑर्डरी यायला लागल्या. फोटो, हिशेब, सगळं जिथल्या तिथे. स्क्रीन लॉकचा नंबर त्याने विचारला नाही. मीच उघडून दिला आणि त्याने माझ्यासमोर कॉल, स्पीकर, माइक तपासले.

मी उभी असताना एक मुलगा भिजलेला फोन तांदळाच्या डब्यातून काढून घेऊन आला. कारागीर त्याला कळकळीने सांगत होता, तांदळाने आतलं पाणी निघत नाही, उलट भुकटी पोर्टमध्ये जाते. भिजला की बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, सरळ घेऊन यायचं. ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये फोन तांदळात ठेवू नका असंच लिहिलंय.

आता उणं. बसायला जागा नाही, गल्लीत हातगाड्यांमधून वाट काढावी लागते. बिल हाताने लिहितात. पार्टवर तीन महिन्यांची हमी आहे, ती बिलावर लिहून मागा. मागचं कव्हर उघडलं की पाण्यापासूनचं कंपनीचं सील पहिल्यासारखं राहत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं, तरी ज्यांचा फोन वॉरंटीत आहे त्यांनी आधी कंपनीकडेच जावं. बोर्डचं मोठं काम असेल तर फोन ठेवून जावा लागतो.

गाडी आणू नका. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा, तिथून चालत या. दुपारी गर्दी कमी असते. येताना तुमची नेहमीची केबल आणि चार्जर घेऊन या, तो तेही मीटरला लावून बघतो.